शार्क वेगळा, हे ईरा बरोबर म्हणाली होती

मंडळी, आज मिळालेली सत्काराची शाल मला नातीच्या अबोल्याला पडली.

विद्यानगरच्या आमच्या मराठी मंडळात मुलांची प्रश्नमंजूषा होती. डॉल्फिन, देवमासा, शार्क. यांत वेगळा कोण?

माझी नात ईरा म्हणाली, "शार्क. तो मासा. डॉल्फिन देवमाशाचाच भाऊबंद, दोघं पिल्लांना दूध पाजतात."

"चूक! डॉल्फिन. तो माणसाळतो," परीक्षक म्हणाले. ईरा बाद.

अध्यक्ष हळूच परीक्षकांना म्हणाले, "पोरगी बरोबर आहे हो. पण जाने दो, आता सत्कार आहे." सत्कार माझाच होता.

आबिड्सच्या बाजारातल्या गोंगाटात दुकान उभं केलं ते याच कानांवर. त्यांतून काही सुटत नाही, असं मी ईरालाच किती वेळा ऐकवलंय!

घरी येताना ती म्हणाली, "आबा, अध्यक्षांचं बोलणं मला स्टेजवर ऐकू आलं. तुम्हाला?"

"नाही गं," म्हणालो.

अध्यक्ष माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते.