एकशे नऊ इंचांचा सूर्य

टेपकाकूंना सगळी गल्ली टेपकाकू म्हणायची, कारण मापाची टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरायचीच नाही. मुलाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती छान दिसते. विश्वास बसत नसेल तर जाऊन बघा. माणूस समोर आला की काकूंची नजर आधी त्याच्या खांद्यांवर, मग कमरेवर आणि मग सावकाश तोंडावर जायची.

अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांनी आयुष्यभर शिवले. मग मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच शर्टाला काकूंनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. खरं सांगायचं तर तो घोळ डोळ्यांचा नव्हता, तोंडाचा होता. शेजारीण गप्पांना बसली होती आणि विषय रंगात आला होता. पण आता हे कोण ऐकून घेतंय?

"आई, पुरे झालं आता," मुलगा म्हणाला. "मशीन माळ्यावर टाकू."

मशीनच्या कोपऱ्यावर सूनबाईचा आधीपासून डोळा होता. तिला तिथे कपाट हवं होतं. वाईट नव्हती हो ती. दोन खोल्यांत पाच माणसांचे कपडे कोंबताना तिच्या नाकी नऊ यायचे. पण काकूंना काही ते पटेना. मशीन गेलं की दिवसभर करायचं काय? टीव्हीसमोर बसून जांभया द्यायच्या?

"एक काम करू द्या मला," त्या म्हणाल्या. "एकच. त्यात चूक निघाली तर मी स्वतः मशीनवर चादर घालीन, मग टाका कुठे टाकायचं ते."

आणि काम आलं ते असलं! कोपऱ्यावरच्या शाळेतले विज्ञानाचे सर दारात उभे राहिले. नवखे, उत्साही, शर्टाचं एक बटण तुटलेलं. ते काकूंना आधी दिसलं.

"काकू, प्रदर्शनासाठी सूर्य हवाय. आणि ग्रह. कापडाचे, आत कापूस भरून. मुलांना कळायला हवं की कोण किती मोठं आहे. पुस्तकात सगळे एकाच आकाराचे लाडू वळल्यासारखे काढतात."

"मापं सांगा," काकूंनी खडू उचलला.

"पृथ्वी एक इंच. मंगळ निम्मा. शुक्र पृथ्वीपेक्षा नखभर कमी. गुरू अकरा इंच, शनी नऊ. आपला चंद्र पाव इंच."

"आणि सूर्य?"

"एकशे नऊ."

"अगं बाई! लेकरं एवढीएवढीशी आणि बाप केवढा!" काकूंनी टेबलावर खडूने आकडे मांडले. शेवटी सर जेव्हा म्हणाले की गुरूचा एक चंद्र बुध ग्रहापेक्षा मोठा आहे, तेव्हा मात्र त्यांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. चंद्र ग्रहापेक्षा मोठा, हे काही त्यांना पटलं नाही. पण गिऱ्हाईक सांगेल ते माप.

मग काय विचारता! शेजारणीला दार बंद. डोळ्यांत तेल घालून काकू बसल्या. जुन्या पिवळ्या पडद्यांचा सूर्य झाला, तपकिरी पट्ट्यांचा गुरू झाला. पृथ्वी म्हणजे एक मणी, त्यावर निळं कापड ताणून बसवलेलं. चंद्र तर इतका बारीक की त्याला कापड कसलं घालता? पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून, वर आणखी चार वेढे देऊन त्यांनी तो घट्ट गोल केला. प्रत्येक गोळ्याभोवती टेप फिरवून पाहिली. केसभर फरक नाही. काकू खूश होत्या, गुणगुणत होत्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी सूनबाईने सूर्य कवटाळला, काकूंनी बाकीच्यांचा डबा घेतला आणि दोघी शाळेत पोचल्या. सरांनी सूर्य पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी लांब पट्टी आणून आडवी धरली.

"काकू, हा जेमतेम तीन फूट आहे. मी एकशे नऊ इंच सांगितला होता. नऊ फूट होतात."

"एकशे नऊच आहे," काकूंनी ताडकन टेप काढून सूर्याच्या पोटाभोवती फिरवली. "हा बघा घेर!"

"घेर नाही हो, काकू! आडवं माप, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

काकूंनी हातातल्या टेपकडे बघितलं. जन्मभर कमरेचं माप घेतलं ते भोवतीने. गोल वस्तूचं माप म्हणजे घेर, याशिवाय दुसरं काही त्यांच्या डोक्यात येणार तरी कसं? त्या मटकन बाकावर बसल्या. मशीन गेलं, एवढंच त्यांना कळलं. रडूच आलं त्यांना.

सर मात्र एकेक गोळा पट्टीवर ठेवत होते. "थांबा... सगळेच साधारण एक तृतीयांश झालेत. म्हणजे कोण कोणाच्या किती पट, ते अगदी बरोबर!" मग त्यांनी दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "नऊ फुटांचा सूर्य मी आत आणणार होतो कुठून?"

सूनबाई खो खो हसत सुटली. हसता हसता तिचा धक्का डब्याला लागला, आणि चंद्र खाली पडला.

"चंद्र! कोणी हलू नका!" सर ओरडले. ते गुडघ्यांवर, सूनबाई गुडघ्यांवर, आवाज ऐकून आलेल्या मुख्याध्यापिकाबाईसुद्धा पदर खोचून गुडघ्यांवर. फरशी पांढरी, चंद्र पांढरा. सहा धडधाकट डोळे फाडफाडून तिघांची शोधाशोध चालली, पण छे!

"अगं, तुझ्या डाव्या टाचेमागे," बाकावरून काकू नाक पुसत म्हणाल्या. "फरशीच्या सांध्यात. जपून, तुडवशील."

सूनबाईने मागे वळून बोट लावलं. चंद्र होता. तिने तो तळहातावर घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेला. गाठीवरचे वेढे तिला मोजताही येईनात.

घरी येईपर्यंत काकू कुठे थांबल्या नाहीत. दारातून आत आल्या, पलंगावरची चादर उचलली आणि मशीनकडे गेल्या. "चूक ती चूक," त्या म्हणाल्या. "शब्द दिला होता मी."

सूनबाईने चादर त्यांच्या हातातून ओढून घेतली. "आई, बाजूला व्हा जरा."

तिने नवऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मशीन कोपऱ्यातून उचललं. काकूंनी तोंड फिरवलं. त्यांना बघवेना. पण पावलं माळ्याच्या शिडीकडे गेलीच नाहीत. मशीन खिडकीखाली टेकल्याचा आवाज आला.

"इथे उजेड बरा आहे," सूनबाई म्हणाली. "कोपऱ्यात माझं कपाट. आणि सरांचं तुटलेलं बटण तेवढं लावून द्या, उद्या त्यांना लोकांसमोर उभं राहायचंय. शर्ट त्यांनी शाळेत आणून ठेवला होता, तो मागून घेऊनच आलेय मी."