यूफीच्या चादरी

माझी थोरली बहीण यूफी जन्मभर लोकांचे कपडे धूत आली. नवरा समुद्रात बुडाला, उरला एकुलता मुलगा आर्ची. तोही लष्कराच्या विमानांवर मेकॅनिक झाला, तेव्हापासून तिचा जीव टांगणीला.

पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी त्याची तुकडी इंग्लंडहून आमच्याकडे उत्तरेला, मॉन्ट्रोजच्या विमानतळावर उडत यायची होती. वाटेत इंजिनं बंद पडत, म्हणून उतरण्याजोग्या कुरणात लष्कर पांढरं कापड अंथरून ठेवी. हे आम्हाला मागाहून कळलं. आईला घोर नको म्हणून आर्चीनं चकार शब्द काढला नव्हता.

"घरावरून जाईन गं आई," एवढंच म्हणाला.

"वरून आपलं घर कसं ओळखशील?"

"मावशीचा आवाज येईल की वरपर्यंत."

मी हातातला आमटीचा डाव त्याच्यावर उगारला.

धुक्यानं विमानं रखडली आणि नेमका रविवार आला. रविवार देवाचा, त्या दिवशी काम म्हणजे पाप; आमच्या गावात कुणी रुमालही वाळत घालत नाही. यूफीनं घरामागच्या गवतावर चादरी पसरल्या.

"पाद्रीबुवा बघतील," मी म्हणाले.

"बघू देत. आज गावात दुसरं पांढरं काही नाही. माझं घर त्याला चुकायचं नाही."

विमान आलं ते खोकतच. यूफी एप्रन हलवत होती. ते वळून खाली येऊ लागलं, तशी ती हसली. "बघ, भेटायलाच आला." मग ते उतारावरून घसरत दगडी कुंपणावर आदळलं. वैमानिक वाचला. पुढच्या जागेवरचा आर्ची जागीच गेला.

महिन्याभरानं तो वैमानिक, लेफ्टनंट फेन, कुबडी घेऊन दारात उभा राहिला. कोवळं पोर. चहाला हात लावेना.

"इंजिन बंद पडत होतं, मी खूण शोधत होतो," तो म्हणाला. "त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. आर्चीनं मागं वळून चादरींकडे बोट केलं, म्हणून उतरलो. चौकशीत सगळे म्हणाले, जागा त्यानंच चुकीची दाखवली. पण तो असा चुकणारा नव्हता हो."

मी यूफीला डोळ्यांनी दटावलं, गप्प बस. तिनं माझं कधी ऐकलंय?

"नाहीच चुकला तो," ती म्हणाली. "चादरी माझ्या होत्या, साहेब. उतरा म्हणत नव्हता. तुम्हाला आपलं घर दाखवत होता."

फेन ओक्साबोक्शी रडला. यूफी रडली नाही. तेव्हा नाही, पुढंही कधी नाही, आणि तेच मला बघवत नाही.