मोरपंखी गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आबांना तर नाहीच नाही. दारू पिऊन माणसं काय काय बरळतात — मी त्या भीतीनं दारूसुद्धा सोडली. आज तुला सांगतोय. डोकं तापलेलं आहे माझं, त्यामुळं वाक्यं मागंपुढं होतील. होऊ देत.

परवा आमच्या ऑफिसातल्या एकानं नवी गाडी घेतली. माझ्या टेबलाशी आला आणि विचारायला लागला, चाकं कुठली टाकू, काचेला फिल्म किती काळी लावू, गाडी दोन इंच खाली बसवून घेऊ का — तुम्हाला यातलं कळतं म्हणे. मी विचारलं, कशाला करतोस हे सगळं? तो म्हणाला, शौक. मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या खोलीतली माणसं उठून दारात आली. बिचारा निघून गेला.

शौक! गाणं म्हणणं शौक असेल, कबुतरं पाळणं शौक असेल. माणूस कारखान्यातून आलेली धडधाकट गाडी घेतो आणि तिची कातडी बदलतो, ते का? माझ्यापुरतं तरी मला ठाऊक आहे. मला माझी कातडी बदलायची होती. ती बदलता येत नव्हती, म्हणून गाडीची बदलली.

मी दहिवडीकडचा. आबा मेंढरं राखतात, आजाही राखायचा. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. अंगाला लेंड्यांचा वास येतो म्हणायचे. येत असेल! कोकरं घेऊन झोपणाऱ्या पोराच्या अंगाला कसला वास यायचा? पुढं शिकलो, विट्यात कोंबडीखाद्याच्या कंपनीत लागलो, जुनी पांढरी गाडी घेतली. ती घेऊन एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो. फाटकावरच्या माणसानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात केला — मागं, आचाऱ्यांचे टेम्पो लावलेत तिकडं. बाकीच्या मित्रांच्या गाड्या मांडवाच्या तोंडाशी. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. एवढ्याशा गोष्टीचा राग धरतात का, म्हणशील. मी धरला.

कराड रस्त्याला सलीमचं पत्र्याचं शेड होतं. आधी तो ट्रकवर अक्षरं काढायचा. पट्टी न लावता अशी ओळ ओढायचा की बघत राहावं. पुढं गाडीवर रंगीत फिल्म चढवायचं काम आलं, तेही त्यानं आपलं आपण शिकून घेतलं. कुणीतरी पुण्याहून एक रोल मागवला होता आणि नंतर नको म्हणाला होता — मोरपंखी. उन्हात हिरवा, सावलीत निळा. मी म्हटलं, हाच. चार दिवस सलीम माझ्या गाडीवर खपला. गरम हवेचं मशीन एका हातात, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यातली सुरकुती काढत. दुपारी त्याच्या डब्यातलं आम्ही दोघं खायचो. उरलेली फिल्म त्यानं स्वतःच्या जुन्या व्हॅनला लावली आणि हसून म्हणाला, या रंगाच्या दोनच गाड्या, एक तुझी नि एक माझी. मग मी काचा काळ्या करून घेतल्या, ट्रकचा हॉर्न बसवला, गाडी खाली बसवली. इतकी, की खालून मांजरही जाईना. त्यानंतर सिग्नलला थांबलो की लोक वळून बघायचे. काय वाटायचं सांगू? कुणीतरी झाल्यासारखं वाटायचं.

आबांनी ती गाडी बघितलेली नव्हती. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खालच्या भागात उतरायचे. त्यांच्या लेखी माझी गाडी पांढरीच होती.

साताऱ्याला अशा सजवलेल्या गाड्यांचा मेळावा होता. मी निघालो, बरोबर तीन मित्र — ज्यांच्या बापांची नावं चौकातल्या फलकांवर असतात असले. सकाळची वेळ. मायणीच्या अलीकडं रस्ताभर मेंढरं. मी गाडी हळू केली. शे-दीडशे मेंढरांच्या कडेनं एक पटका दिसला. चाल दिसली. उजवा पाय जरा ओढत टाकायची चाल. आबा होते.

मित्रांना माझा बाप कधी दाखवला नव्हता. शेती आहे एवढंच सांगितलेलं. खाली उतरून तीन शब्द बोलायचे होते — हे माझे वडील. किती वेळ लागतो? शेजारचा म्हणाला, हॉर्न हाण की, काय बघतोस? मी हाणला. ऐकतोयस ना? ओळखल्यावर हाणला. ट्रकचा हॉर्न, दहा पावलांवरून.

मेंढरं उधळली. आबा त्यांच्या रेट्यात खाली पडले, हात टेकून उठले आणि गाडीकडं आले. माझ्या बाजूच्या काचेवर बोटांनी टकटक केली. बाहेरून आतलं दिसत नव्हतं. मला मात्र दिसत होतं — दाढीचे पांढरे खुंट, कपाळाला लागलेली माती.

"आवं सायेब," आबा म्हणाले, "जरा दम खावा. कोकरू चाकाखाली शिरलंय."

माझा बाप मला साहेब म्हणाला. मी काच खाली घेतली नाही. घेतली असती तर तिघांना कळलं असतं आणि आबांनाही. मागचा मित्र हसत म्हणाला, चल रं, म्हाताऱ्याचं नाटक सुरू झालं. मी गिअर टाकला. गाडी किंचित वर उचलली गेली आणि खाली आली. गाडी उंच असती तर कदाचित पोटाखालून निसटलं असतं ते. मीच ती खाली बसवून घेतली होती.

साताऱ्यात शिरायच्या आधी एका नळावर मी चाक धुतलं. मेळाव्यात लोकांनी गाडीबरोबर फोटो काढले. मीही उभा राहिलो. हसलो.

त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांनी सगळं सांगितलं — नंबर बघायचं सुचलं नाही, पण रंग मोराच्या मानंसारखा होता. मी काय केलं असेल? शिव्या दिल्या. गाडीवाल्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, इतक्या की शेवटी आबाच माझी समजूत घालायला लागले. जाऊ दे, म्हणाले, एक कोकरूच गेलं, मानूस न्हाई गेलं.

पण चुलतभावांनी जाऊ दिलं नाही. ते त्या रंगाची गाडी शोधत राहिले. आठवड्याभरात मायणीच्या बाजारात सापडली — सलीमची व्हॅन. तो एका दुकानाची पाटी रंगवायला आला होता. भावांनी मला फोन करून बोलावलं. माझी गाडी तेव्हा एका मित्राच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मी एसटीनं गेलो.

पोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमलेली. सलीम व्हॅनला पाठ लावून उभा, हातात ब्रश. मला बघून त्याचा चेहरा सैल झाला — ओळखीचं माणूस आलं म्हणून. आबा व्हॅनभोवती फिरून बघत होते. म्हणाले, रंग त्योच हाय, पर ही गाडी उंच वाटती, ती लय खाली हुती. माझा बाप खोटं बोलत नव्हता. एवढ्या रागातसुद्धा तो नीट आठवून, जपून बोलत होता. आणि मग थोरला चुलतभाऊ माझ्याकडं वळला.

"तू गाड्यातला मानूस," तो म्हणाला. "सांग, असल्या रंगाच्या दुसऱ्या गाड्या असत्यात का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सलीमही. जन्मात पहिल्यांदा माझी माणसं मला जाणकार म्हणून विचारत होती. मी म्हणालो —

"हा रंग सगळीकडं मिळत न्हाई."

बस. एवढंच. शब्दाशब्दानं खरं वाक्य. मी सलीमचं नावसुद्धा घेतलं नाही! कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — मी खोटं कुठं बोललो? याच्याइतकं नीच खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

आबांनी मान डोलवली. पोरगं म्हणतंय म्हणजे असंल. त्यानंतर काचा फुटल्या. फिल्म ओरबाडली. "मी कुणाचं कोकरू मारलं न्हाई," सलीम एकदाच म्हणाला, तेही त्यांच्याकडं बघून नाही. माझ्याकडं बघून. दुसरी गाडी कुणाची ते त्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्यानं नाव घेतलं नाही. कुणीतरी गर्दीतून त्याची जात काढली, हे असलेच असतात म्हणालं, आणि मग मारणाऱ्यांत कोकरं कधी न पाळलेली माणसंही शिरली. त्याचा उजवा हात व्हॅनच्या दारात धरून दार आपटलं. मी आठ-दहा पावलांवर होतो. मी जागचा हललो नाही.

मला त्याचा राग येतो, ऐक. सलीमचा! का नाही बोललास? एकदा म्हणाला असतास, गाडी याची आहे, तर मी सुटलो असतो. की तुला वाटलं मी स्वतःहून बोलेन? शेवटपर्यंत वाट बघत होतास का? बघ, कसला माणूस आहे मी — ज्याचा हात गेला त्याच्यावरच खेकसतोय.

त्याची बोटं नीट जुळली नाहीत. ब्रश धरता येईना, फिल्म ओढता येईना. शेड बंद झालं. पोलिसांत तो गेला नाही, गेला असता तरी कुणाचं नाव कुणी सांगितलं असतं? मी त्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दार लावून गाडीची फिल्म नखांनी काढली, दोन दिवस लागले, आणि सांगलीला जाऊन गाडी विकून टाकली. आबा मात्र भावकीत सांगत फिरले, माझ्या पोरानं गाडी वळखली. आयुष्यात एकदाच माझा बाप माझ्यावरून चारचौघांत मिरवला, तो यासाठी.

आठ वर्षं झाली त्याला. सलीम हल्ली विट्यातच भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसलेला असतो. मी लांबचा रस्ता धरतो.

गेल्या महिन्यात आबा डोळे दाखवायला विट्याला आले होते. दवाखान्यातून निघालो, आबा पुढं, माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून. मला कळायच्या आत ते त्या दुकानासमोर पोचले. सलीम खुर्चीवर बसला होता. आबांनी त्याला ओळखलं. थांबले, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नातीला म्हणाले, "ह्यो बघ. ह्येनं आपलं कोकरू चिरडलं हुतं, आन वर खोटं बोलला."

सलीमनं आबांकडं बघितलं नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मुलगीही मागं वळली.

"पप्पा, खरंच?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.