पाद्रीबाबांचे आईबाप

आमच्या थोरल्याचं बारसं कोलोनला झालं, तेव्हा कानात नाव सांगायला आत्या नव्हती. नणंदा माझ्या पुण्यात. हे म्हणाले, "राहू दे ना आत्या, आपणच सांगू." मी ऐकते कसली! खाली गेले आणि घरमालकीणबाईंनाच बाळाची आत्या करून टाकलं.

बाई साठीच्या घरातल्या, लग्न न झालेल्या. सगळी गल्ली त्यांना 'फ्रॉइलाइन' म्हणायची, म्हणजे कुमारी. वरच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला भाड्यानं दिल्या होत्या. हे विद्यापीठात डॉक्टरेट करत होते, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी तळघरातून कोळशाच्या विटा वर वाहत होते. एकोणीसशे साठच्या अलीकडचे ते दिवस. गल्लीच्या टोकाला बॉम्बनं पडलेल्या घराची जागा अजून तशीच होती, तिथं बायका कपडे वाळत घालायच्या. आज कुठे ओला कोळसा जळाल्याचा वास आला की माझा जीव तिकडे धाव घेतो. तेव्हा मात्र मी रोज त्या विटांच्या नावानं बोटं मोडत होते.

बाई बारशाला काळा रेशमी झगा घालून आल्या. धुण्याच्या वेताच्या टोपलीचाच पाळणा केला होता. त्यांनी बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, म्हणजे त्यांच्या जर्मन घशातून जे निघालं ते, आणि नाव सांगितलं. माझ्या सासऱ्यांचं. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव, त्यात विचारायचं काय?

महिनाभरात बाई माझ्यावर रुसल्या. एक दिवस जिन्यातच गाठलं.

"हे बघा, मी त्याच्या कानात सांगितलेलं नाव तुम्ही एकदाही घेत नाही. सारखं बाळ, बाळ. माझं काही चुकलं का?"

मला हसूच आवरेना. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "अहो बाई, ते माझ्या सासऱ्यांचं नाव. ते घेऊन मी 'अरे, दूध ओकू नकोस' म्हणू? जीभ झडेल माझी! पहिला मुलगा ना, म्हणून त्याला बापाच्या बापाचं नाव."

बाई हसल्या नाहीत. 'बापाच्या बापाचं,' असं दोनदा पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "रविवारी कॉफीला या."

रविवारी प्लमचा केक होता आणि बशीशेजारी एक बारकी पुस्तिका. बाईंचे पणजोबा म्हणे स्कॉटलंडचे पाद्री. हॅम्बुर्ग बंदरात आपल्या देशाच्या खलाशांना उपदेश करायला आले, आणि एका जर्मन मुलीपायी इथलेच झाले. तिथं कुणी कुणाला उपदेश केला, देव जाणे! त्यांचं गाव ठाऊक होतं, आईबाप ठाऊक नव्हते. एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण नाझी राजवटीत जो तो चर्चमधून पूर्वजांचे दाखले आणून अशा पुस्तिकेत भरत होता, घराण्यात कुणी ज्यू नाही हे दाखवायला. बाईंचं लग्न ठरलेलं. होणारा नवरा त्या राजवटीत वर चढायला निघालेला, त्याला बायकोच्या घराण्याचे दाखले आणखी मागचे हवे होते. बाईंच्या वडिलांनी स्कॉटलंडला पत्र घातलं. तिथल्या चर्चनं कळवलं, की त्या नावाच्या चारपाच मुलांचे बाप्तिस्मे त्या सुमाराला इथं झालेत, बापाचं नाव कळल्याशिवाय यातला तुमचा कुठला ते कसं सांगावं? पुस्तिकेतली जागा कोरी राहिली. त्या गृहस्थानं अंगठी परत मागितली.

"पणजोबांनी काहीतरी लपवलं आणि ते मी भोगलं, असंच मी धरून चाललेय," बाई म्हणाल्या. "खरं काय ते मरण्याआधी मला कळायला हवं."

पणजोबांच्या थोरल्या मुलाचं नाव मोठं चमत्कारिक होतं. घराण्यात पुन्हा कुणाला ते ठेवलं नाही. सगळे म्हणायचे, पाद्रीबाबांची लहर.

"लहर कसली!" मी ओरडलेच. "ते त्याच्या आजोबांचं नाव असणार!"

बाळ दचकून रडायला लागलं. बाईंनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि ते चमत्कारिक नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

ह्यांनी रात्री जेवताना खोडा घातलाच. "अगं, पुण्याची रीत स्कॉटलंडला कशी लागू होईल?"

"का? तिथं आजोबा नसतात?" मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ऐटबाज इंग्रजीत पत्र धाडलं. बी.ए. पहिल्यांदाच कामाला आली.

उत्तर येईपर्यंत बाई रोज पोस्टमनच्या वेळेला बाळाला कडेवर घेऊन दारात उभ्या राहायच्या. त्याच दिवसांत बाळ त्यांना पाहून पहिल्यांदा खदखदून हसलं. मला थोडा रागच आला. आई मी, आणि हसणं त्यांच्या वाट्याला!

ईस्टरच्या आसपास पत्र आलं. तिकडच्या पाद्र्यानं लिहिलं होतं, आमच्याकडेही जुनी रीत हीच. ते नाव असलेला बाप त्या चारपाच मुलांत एकाचाच होता, आणि त्याच्या बायकोचं नाव पाद्रीबाबांनी आपल्या एका मुलीला ठेवलं होतं. बाप विणकर. दोघं त्याच गावचे, त्याच चर्चमध्ये लग्न झालेले, तिथंच पुरलेले. लपवण्यासारखं काडीचंही काही नव्हतं.

"विणकर," बाई म्हणाल्या. "फक्त विणकर?" आणि ओट्याला टेकून रडायला लागल्या. मलाही रडू आलं.

डोळे पुसून मी मोठ्या उत्साहानं पुस्तिका उघडली, ती कोरी जागा काढली आणि पेनाचं टोपण काढलं. बाईंनी पुस्तिका माझ्या हातून घेऊन मिटली.

"नको. याच्यात नको."

त्यांनी कपाटातून घरचं बायबल काढलं. पहिल्या पानावर घराण्यातले जन्म लिहिले होते, त्यांच्या वर जागा होती. तिथं मी दोन्ही नावं लिहिली. 'विणकर' असंही लिहायला लावलं त्यांनी. शाई वाळेपर्यंत मला राहवेना.

"पण बाई, याच जागेसाठी जन्मभर झुरलात ना तुम्ही?"

"झुरले," बाई म्हणाल्या. "तो पुढे कुठल्या छळछावणीवर साहेब झाला, ते मी पेपरात वाचलंय. हे दोघं तेव्हाच सापडले असते, तर मी त्याची बायको असते."