मागच्या पडवीतला कंडेन्सर

"पाहुणे यायच्या आधी ती काचेची भांडी झाकायला काय झालं होतं तुला?" असं आई अजून ऐकवते. का झाकायची? चोरी केली होती का मी? जळगावच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीला असोद्याच्या घरी मागच्या पडवीत गवती चहाचं तेल काढते. शेगडीवर गोल बुडाचा चंबू, त्याला जोडलेला, वाफ थंड करणारा लांब काचेचा कंडेन्सर, त्यात गार पाणी खेळवायला जुन्या कूलरचा पंप. एवढंच काय ते माझं वैभव.

त्या रविवारी दोंडाईचाहून धाकट्या बहिणीला बघायला आले होते. स्थळ चांगलं, जमत आलेलं. मुलाचे आजोबा हात धुवायला मागे आले आणि त्या नळ्या बघून दारूची भट्टी दिसावी तसे थबकले. बाबांचा चेहरा उतरला. बाबांच्या गळ्यात माळ. गडी पिऊन आला तर त्याला बांधावरूनच परत पाठवणारा माणूस. आता सोयरीक मोडते, असंच आम्हाला वाटलं.

पण आजोबांनी हसून बाबांच्या खांद्यावर हात टाकला. "काब्र लाजतस, भाऊ? पहिल्या धारनी शे ना? एक बाटली आमले बी द्या. मंग सोयरीक पक्की समजा."

मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "देऊ की, आबा."

माझी कानशिलं तापली. आजोबा बैठकीत गेले आणि बाबा रिकामी बाटली घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"भर."

"बाबा, अहो, हे तेल आणि पाणी आहे."

"वास येतो ना? मग भर."

त्यांना माझ्याकडे बघवेना, मला त्यांच्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात बहीण उभी होती, हातात पोह्यांचा ट्रे. तिने सगळं ऐकलं होतं. "ताई, भरू नको. बाटलीवर जमणारं लग्न मला नको."

बाबा बाटली खाली ठेवून बाहेर गेले आणि पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं. आजोबा "बरं, बरं" म्हणाले. चहालाही थांबले नाहीत.

गाडी गेल्यावर बाबा पडवीत आले. आम्ही दोघी तिथेच होतो. त्यांनी आमच्यापुढे हात जोडले. "चुकलो, बायांनो."

बाप लेकींपुढे हात जोडतो आणि लेकींना ते बघावं लागतं. देवा, अशी वेळ वैऱ्यावरही आणू नको.