जोतीराम गुळव्याचा थर्मामीटर

जोतीरामतात्यांच्या उजव्या हाताचा कोल्हापूर भागात मोठा बोलबाला होता. कुठल्याही गुऱ्हाळावर नाव काढा, लोक सांगणार, "त्यो गुळव्या उकळत्या काहिलीत हात घालतोय!" आणि ते खरंच होतं. गूळ झाला की नाही हे बघायला तात्या बोटं गार पाण्यात बुडवायचे, तशीच उकळत्या पाकात घालायचे आणि चिमूटभर पाक उचलून पाण्यात त्याची गोळी वळायचे. गोळीवरून ती भलीमोठी कढई, काहील, उतरवायची वेळ ठरायची. जरा उशीर झाला की गूळ करपायचा, घाई झाली की घट्ट बसायचाच नाही. चाळीस हंगाम हे असंच चाललं. या हाताचं कौतुक सगळ्यांनी केलं. तो हात भाजतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या हंगामात बोटांनी साथ सोडली. चहाचा कप गरम की गार कळेना, गोळी मऊ की कडक कळेना. दुसरा कुणी असता तर अंदाजपंचे निभावून नेलं असतं. तात्यांनी एसटी धरली, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गेले आणि लांब दांडीचा, वर आकडे दाखवणारा थर्मामीटर घेऊन आले. येताना स्वारी अगदी खुशीत होती.

"तात्या, काहिलीला ताप आलाय व्हय?" चुलाणात उसाची चिपाडं सारणाऱ्या गड्यानं विचारलं, आणि सगळं गुऱ्हाळ खिदळलं.

पहिल्याच दिवशी तात्या तोंडावर आपटले. थर्मामीटरचं टोक त्यांनी सरळ काहिलीच्या तळाला टेकवलं. तळ तापलेला, आकडा भराभर चढला, एकशे अठरा अंश झाले, म्हणजे गूळ तयार, म्हणून काहील उतरवली, तर वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतलेला गूळ संध्याकाळपर्यंत चिखलासारखा लिबलिबीत. गावाला तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

"चूक माझी हाय, मीटरची न्हाय," तात्या उघड म्हणाले. त्यांनी तारेचा हूक वाकवून टोक पाकाच्या मधोमध लोंबेल अशी सोय केली. पुढची अकरा आदणं, म्हणजे अकरा काहिली गूळ, एकासारखी एक उतरली.

अडचण एकच होती, वाफेनं तात्यांचा चष्मा धुरकटायचा. मग ते धोंडुबाईला हाक मारायला लागले. धोंडुबाई वीस वर्षं अंगणात चिपाडं वाळवत होती. सातवी शिकलेली, आकडा खणखणीत वाचायची. पण बाईमाणूस काहिलीजवळ? गड्यांनी नाकं मुरडली. आजवर असं झालं नव्हतं म्हणे.

"का? गूळ लाजतोय व्हय?" तात्यांनी एका वाक्यात त्यांची तोंडं बंद केली.

गुऱ्हाळाचे मालक उदयसिंह यांचं तोंड बंद करणं तेवढं सोपं नव्हतं. रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे गुऱ्हाळ बघायला यायचे ते तात्यांचा हात बघायलाच. शनिवारी उदयसिंह म्हणाले, "तात्या, गूळ झ्याक हाय. पर उद्या त्यो मीटर झाकून ठेवा. पाव्हण्यांपुढं हात घाला. न्हाईतर सोमवारपासनं मला दुसरा गुळव्या बघाय लागंल. आनि आकडा वाचून कुनीबी गूळ करायला लागलं, तर तुमची तरी गरज काय?"

"तेच तर म्हनतोय मी," तात्या म्हणाले. "कुनाचा हात न जळता गूळ झाला, तर माझी गरज संपली. संपू द्या की!"

बोलून गेले खरे, पण काहिलीशिवाय त्यांना दुसरं आयुष्यच नव्हतं.

रविवारी पाहुणे मोबाइल उंचावून उभे राहिले. उदयसिंहांनी लांबून हात घालायची खूण केली. तात्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"धोंडुबाई, ये हिकडं. वाच."

धोंडुबाई पदर खोचून आली. "एकशे सोळा," ती म्हणाली.

"मामा, हात घाला ना, रील करायचंय," एक पाहुणी म्हणाली.

तात्यांनी उजवा हात तिच्या मोबाइलसमोर धरला. कातडी पांढरी, चकचकीत. दोन बोटांना नखं नव्हती. "ह्याची काढा की," ते म्हणाले. "चाळीस वर्सांत ह्याची कुनी काढली न्हाय." मोबाइल हळूहळू खाली आले.

"सतरा," धोंडुबाई म्हणाली. आणि लगेच, "अठरा! उतरवा!"

गुळव्याचा शब्द आला की चार गड्यांनी काहिलीच्या कड्या धरायच्या, ही रीत. पण शब्द धोंडुबाईचा होता, कुणी हललं नाही. सगळे मालकांकडं बघत राहिले. पाक फुगत होता, करपायला वेळ लागणार नव्हता. तात्यांचं डोकं सणकलं. त्यांनी फडकं घेतलं, एक कडी स्वतःच धरली आणि धोंडुबाईकडं मान केली.

"गुळव्यानं सांगितलंय, उतरवा! कान फुटलं काय रं?"

चिपाडं सारणारा गडी पहिल्यांदा धावला. मग दुसरा, तिसरा. काहील उतरली, पाक वाफ्यात ओतला गेला.

उदयसिंह तरातरा जवळ आले. "तात्या, सोमवारी..."

"सोमवारी ती मीटर बघंल. मी कडी धरीन," तात्या घाम पुसत म्हणाले. "पटत आसंल तर हाय म्हना, न्हाईतर न्हाय म्हना. हात काय मी आता घालत न्हाय."

उदयसिंह वाफ्याशी गेले. त्यांनी वाकून फावड्याच्या टोकानं गूळ दाबून बघितला. गूळ बसायला लागला होता.