तीन सेकंदांची जागा

धम्मदीपा इंगोलेचे कान लहानपणापासून तिखट. गावात मोटरसायकल शिरली की ती न पाहता सांगायची, ही सतीशकाकाची, हिचा सायलेन्सर फाटलाय. आई तिच्या कानांचं कौतुक करायची आणि तेच कान धरून तिला भांडी घासायला बसवायची. अशा कानांचा पुढे काय उपयोग, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मालेगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेली, मराठीच्या मॅडमनी विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट काढायचं मनावर घेतलं आणि त्या कानांना एकदाचं काम मिळालं.

मालिकेचं नाव 'कामाची माणसं'. आठ भाग, प्रत्येक दहा मिनिटांचा. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा राजपाल राठोड निवेदक, कारण त्याचा आवाज भारदस्त होता आणि त्याला ते चांगलंच माहीत होतं. प्रश्न काढणं, रेकॉर्डिंग आणि कापाकापी धम्मदीपाकडे. म्हणजे सगळंच तिच्याकडे. फक्त तिचं नाव भागाच्या शेवटी, राजपाल घाईत नसेल तेव्हाच घेतलं जायचं.

कॉलेजच्या खोलीत आवाज घुमायचा. धम्मदीपाने जागा शोधली ती घरचीच. भाव चढेल म्हणून तिच्या वडिलांनी, भिवाजींनी, मागची खोली कापसाने छतापर्यंत भरून ठेवली होती. दार लावलं की आत एकदम शांत. अंगाला खाज सुटायची, पण रेकॉर्डिंग असं स्वच्छ व्हायचं की मॅडमनी विचारलं, स्टुडिओ कुठला? धम्मदीपा म्हणाली, घरचाच आहे.

कामाचे नियम तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये आवाज करायचा नाही, नुसती मान हलवायची. खोकला, कोंबड्या, 'चालू हाये का?' हे सगळं काढायचं. येता-जाता बसमध्ये, एकच बाजू चालणारा इअरफोन कानात घालून फोनवर कापाकापी करताना, ती हे नियम इमानेइतबारे पाळायची.

पाचवा भाग बेबीताईंचा होता. बेबीताई गावच्या शाळेत एकोणीस वर्षं पोरांची खिचडी शिजवतात. धम्मदीपाही ती खिचडी खाऊनच मोठी झाली, आणि वस्तीच्या नात्याने त्या तिच्या आत्या. मुलाखतीला त्या पांढरं लुगडं नेसून आल्या, कापसाच्या ढिगासमोर ताठ बसल्या आणि जयभीम करून बोलायला लागल्या. खूप छान बोलल्या. कोणतं पोरगं घरून उपाशी येतं हे ताट धरायच्या पद्धतीवरून कसं कळतं, ते त्यांनी सांगितलं तेव्हा धम्मदीपाला मान हलवायचंसुद्धा भान राहिलं नाही.

भाग दहा मिनिटांच्या वर जात होता. सुरुवातीलाच जयभीम, मग थोडा वेळ काहीच नाही, मग 'चालू हाये न व?' धम्मदीपाने ते तीनदा ऐकलं आणि चौथ्यांदा कापलं. वेळ वाचला, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर दुसरीकडूनही वेळ वाचवता आला असता. पण हा भाग अख्खं कॉलेज ऐकणार होतं. कॉलेजात ती 'हाय' म्हणायची आणि गावात शिरली की जयभीम. मध्ये बसचा बारा किलोमीटरचा रस्ता होता, आणि या दोन्हींची कधी गाठ पडू नये याची ती दोन वर्षं काळजी घेत आली होती. तिला भीती वाटली. कशाची, हे तिने स्वतःलाही नीट विचारलं नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळी वस्ती भाग ऐकायला बसली. कोणीतरी स्पीकर आणला. राजपालचा 'नमस्कार श्रोतेहो' झाला आणि पाठोपाठ थेट खिचडीच सुरू झाली. लोक हसले, बायांनी बेबीताईंना कोपरं मारली, शेवटी टाळ्या पडल्या. बेबीताई तेवढ्या स्पीकरकडेच पाहत होत्या. माणसं पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, मी पयले जयभीम केला होता न व? तो कुठी गेला?"

"आत्या, तो आलाच नाही," धम्मदीपा बोलून गेली. "बटन उशिरा दबलं."

बेबीताईंनी लगेच मान डोलावली. "माहीच चूक हाये मंग. मीच घाई केली असन. तू कायले वाईट वाटून घेतं? उद्या येतो मी, तेवढंच परत घेऊन घे."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीची चूक त्यांनी अशी सहज स्वतःच्या पदरात घेतली की धम्मदीपाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर बेबीताई पुन्हा तेच लुगडं नेसून हजर. माईक लावता लावता धम्मदीपाचे हात थांबले. परत रेकॉर्ड करणं सोपं होतं. खोटं खपून गेलं असतं, आणि जन्मभर तिच्या एकटीच्या कानात वाजत राहिलं असतं. तिने मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि इअरफोनची चालणारी बाजू बेबीताईंच्या कानात घातली.

बेबीताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हाये न हे!"

"हाये, आत्या. मीच कापलं. मी खोटं बोलली तुमच्यापाशी."

"काहून?"

धम्मदीपाने बसच्या रस्त्यासकट सगळं सांगितलं. सांगताना ती रडली, आणि कापसाच्या त्या खोलीत तिचं रडणंही फार लांब गेलं नाही. बेबीताई रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग बोट वर करून म्हणाल्या, "हे पाय. जयभीम केला, अन् मंग मी थांबली. कायले थांबली?"

"मशीन चालू हाये का, ते पाहाले..."

"मशीनचं मले काय करा लागते! तुह्यासाठी थांबली. तू काईच बोलली नाही, तवा मले वाटलं मशीनच बंद हाये."

"मी मान हलवली होती, आत्या."

"मान हालवून जयभीम होते का व?"

धम्मदीपाने फोनवर ती रिकामी जागा पाहिली. तीन सेकंद. कोंबडी नाही, खोकला नाही. एक बाई तिच्या उत्तराची वाट पाहत बसली होती, आणि तिखट कानांच्या या पोरीला तीनदा ऐकूनही ते ऐकू आलं नव्हतं.

"माहं परत नोको घेऊ," बेबीताई उठत म्हणाल्या. "माहं चांगलं आलं हाये. तुहं राह्यलं."

त्या गेल्यावर धम्मदीपाने दार लावलं आणि कापसाच्या ढिगासमोर, बेबीताई बसल्या होत्या तिथेच, ताठ बसली. पहिल्यांदा आवाज बसका आला. दुसऱ्यांदा नीट आला. कापलेला तुकडा तिने जागेवर बसवला आणि त्या तीन सेकंदांत स्वतःचा जयभीम ठेवला. 'चालू हाये न व?' मात्र काढून टाकलं, कारण आता ते विचारायची गरज उरली नव्हती.

मंगळवारच्या बसमध्ये राजपाल शेजारी येऊन बसला. नव्याने टाकलेला पाचवा भाग त्याने ऐकला होता. "सुरुवातीला बेबीताईंना उत्तर देते, ते कोण व?" त्याने विचारलं.

"मी," धम्मदीपा म्हणाली. बस अजून मालेगावात पोचायची होती.